अठरा महिन्यांचं आयुष्य

"अठरा महिने," श्रीनिवासराव म्हणाले. "फारच ओढलं तर वीस."

आमटीचा डाव हातात तसाच धरून मी उभी राहिले. आमचे जावई अमेरिकेत विमा कंपनीत आहेत. कुठल्या वयाची, कुठल्या सवयीची माणसं सरासरी किती जगतील, हे काढून ठेवायचं त्यांचं काम. त्यामुळे त्यांच्या तोंडून महिने-वर्षं आली की आधी मनात देवाचं नाव घ्यायचं आणि मग माणसाचं विचारायचं. माझंही त्यांनी काढलं होतं, मी ओहायोला पोचले त्याच आठवड्यात. सत्त्याऐंशी. उपास करते म्हणून वर एक वर्ष.

"कुणाचं हो?" मी विचारलं.

"माणूस नाही, आई. मितूची कोरियन गाणी." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर एक रेघ डोंगरासारखी चढली होती आणि पुढे तुटक तुटक होत खाली उतरत होती. "हा गेल्या वर्षीचा कळस. अमेरिका, युरोप, सगळीकडे जो तो कोरियन गाणी ऐकत होता. आता हा उतार. इथल्या लोकांना दर दोन वर्षांनी एक परदेशी खेळणं लागतं. खेळतात आणि टाकतात. भाषा कळत नाही, चेहरे ओळखू येत नाहीत, टिकणार कसं?"

मितू म्हणजे माझी नात मैत्रेयी. तेव्हा पंधरा वर्षांची. ती ताटाच्या कडेला भेंडीच्या बिया ओळीने मांडत होती.

"बाबा, हा उतार खराच झालाय का?"

"होणार आहे. मॉडेल आहे ते."

"मॉडेल कुणी केलं?"

"मी."

"अच्छा," मितू म्हणाली आणि आणखी एक बी ओळीत ठेवली.

माझी मुलगी माधवी मध्ये पडली. "श्री, जेवताना नको ना."

"अगं, साधा प्रश्न आहे. जी गोष्ट दीड वर्षात मरणार, तिच्यासाठी दर शनिवार घालवायचा का? ऑक्टोबरपासून शनिवारी गणिताचा क्लास. नाच बंद."

मितूच्या हातातली बी खाली पडली. शनिवारी सहा मुली मिळून त्या कोरियन गाण्यांवर नाच बसवायच्या. सहा जणींच्या सहा जागा ठरलेल्या, एक गेली तर नाच उभाच राहत नाही, असं तिनं मला समजावून सांगितलं होतं. शाळेत ही पोरगी दोन वर्षं डबा एकटीच खात होती, हेही तिनंच सांगितलं होतं. आईवडिलांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी लगेच शाळेत मीटिंग लावली असती.

मी आमटी वाढत राहिले. चातुर्मासात कुणाची निंदा करायची नाही, हा माझा एकतीस वर्षांचा नेम. लग्नानंतर कुरुंदवाडला सासरी राहायला गेले आणि चौदाव्या वर्षी धरला. गरजच तशी होती. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कुणाबद्दल वाकडा शब्द नाही. अगदीच राहवलं नाही तर त्या माणसाचा एखादा गुण सांगायचा. आता बारा वर्षांनी हे लिहितानाही मी तीच पद्धत ठेवणार आहे. या गोष्टीतली सगळी माणसं गुणीच होती.

श्रीनिवासरावांचा गुण म्हणजे ते न्यायी होते. मितूनं मान वर करून विचारलं, "आणि नाही मेली तर?" तर ते म्हणाले, "सिद्ध कर. मी ऐकून घ्यायला तयार आहे."

*

आता पहाटेचं सांगते. माझा रोजचा नेम पाचचा. अंघोळ करून पोथीचा एक अध्याय, मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. अमेरिकेत गेले म्हणून देवानं वेळ बदलून दिलेली नव्हती. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात दिवा लावला आणि बघते तर टेबलाशी मितू. कानात यंत्र, समोर लॅपटॉप.

तिकडे कोरियात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, असं मला मागाहून कळलं. त्यांच्या टीव्हीवर गाण्यांची चढाओढ लागते आणि जगभरातून पोरी मतं टाकतात. मितूचा लाडका ताफा 'मूनगेट' नावाचा. पाच पोरगे, पाचांचेही केस वेगवेगळ्या रंगांचे. ज्या दिवशी चढाओढ नसेल त्या दिवशीही पाचला उठायचं आणि त्यांचं नवं गाणं यादीत वर चढावं म्हणून ठरलेल्या वेळा ऐकायचं. त्याचेही नियम होते. आवाज निम्म्याच्या खाली न्यायचा नाही. मधे थांबवायचं नाही. पुढे ढकलायचं नाही. अर्धवट सुटलं तर ती खेप मोजायची नाही.

"आणि ताप आला तर?" मी विचारलं.

"पडून ऐकायचं. चालतं."

मी मान हलवली. आमच्यातही चालतं.

अशी आमची रोज भेट व्हायची. मी वाचायची, ती ऐकायची, दोघींचं आटोपलं की मी तिला दूध द्यायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, मला तुझी अक्षरं शिकव."

घरात सणासारखं झालं. दहा वर्षं माधवीनं या पोरीला मराठी वाचायला शिकवायचा प्रयत्न केला होता, तीन शिक्षिका थकल्या होत्या, आणि आता पोर आपणहून बाराखडी गिरवत होती. श्रीनिवासरावांनी महाराष्ट्र मंडळाच्या गटावर तिच्या वहीचा फोटो टाकला, वही मिटलेली. मंडळाचे अध्यक्ष डॉ. टिपणीस, दातांचे डॉक्टर, त्यांनी वार्तापत्रात चौकट छापली : 'मुळांची हाक.'

वही उघडून मात्र मी एकटीच बघत होते. आडव्या रेघांवर देवनागरीत सुवाच्य अक्षरांत पानंच्या पानं कोरियन गाणी.

"इंग्लिशमध्ये नीट लिहिता येत नाही गं," मितूनं सांगितलं. "त्यांचा क वेगळा, ख वेगळा. इंग्लिशमध्ये सगळ्यांना के. तुझ्या अक्षरांत बरोबर बसतं."

"अर्थ कळतो का?"

"थोडा. बाकीचा कळेल की. घाई काय आहे?"

मी चाळीस वर्षं संस्कृत स्तोत्रं म्हणते आहे. मला अजून घाई झालेली नाही. तिच्या वहीत दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून दिली.

*

मंडळाचा गणपती त्या वर्षी शनिवारी होता. पंचांगात सोमवारी येऊन गेला होता, पण मंडळाला सोमवारी वेळ नव्हता. दुपारी परिसंवाद ठेवायची पद्धत. आदल्या वर्षी विषय होता 'परदेशातील मराठी माणूस : काल, आज आणि उद्या' आणि ऐकायला अकरा जण होते. त्यातले नऊ वक्ते. यंदा काहीतरी तरुणांचं हवं, म्हणून टिपणीस विषय शोधत होते. श्रीनिवासरावांनी जेवणातला वाद त्यांना हसत हसत सांगितला आणि त्यांनी तो उचललाच.

आमच्या घरी चहाला बसून त्यांनी विषय मोठ्यानं वाचून दाखवला. "'पाश्चात्त्य जगात कोरियन संगीताची लोकप्रियता टिकेल काय?' वडील विरुद्ध मुलगी! लोक तुटून पडतील. आणि निकाल द्यायला सुलभाताई."

"मी?" मी बशी खाली ठेवली.

"तुमच्यासारखं तटस्थ माणूस शोधून सापडायचं नाही. तुम्हाला दोन्हीतलं काहीच कळत नाही."

टिपणिसांचा हा गुण. मनात एक, ओठांवर एक, असं त्यांचं कधीच नव्हतं.

"निकाल बंधनकारक," श्रीनिवासराव म्हणाले. ते मितूकडे बघत होते. "आजी म्हणेल 'टिकेल', तर शनिवार तुझा. 'टिकणार नाही' म्हणाली, तर पहिल्या शनिवारपासून क्लास, रडारड नाही. मान्य?"

मितूनं माझ्याकडे बघितलं. मी साखर ढवळत होते.

"मान्य," ती म्हणाली.

शुक्रवारी पहाटे ती मतं टाकत होती, मी पोथी मिटत होते. "आजी, तू कुणाच्या बाजूनं?" तिनं विचारलं.

"मी परीक्षक आहे."

"म्हणजे बाबाच्या." तिनं कानात यंत्र घातलं.

तिचं फारसं चुकलं नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळी श्रीनिवासरावांनी मला एक कागद आणून दिला. "तुम्हाला उगाच त्रास नको, म्हणून निकाल टाइप करून ठेवलाय. आधी दोन्ही बाजूंचं कौतुक आहे. मग निकाल." मला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षरसुद्धा मोठं ठेवलं होतं. इतका विचार पोटचा मुलगाही करत नाही. लेकीच्या घरात राहायचे अजून दोन महिने होते. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तो वाचायचाच, असं मनाशी ठरवूनही टाकलं. मितू काय, दोन दिवस रडेल. लेकीच्या घरातली शांतता राहील. आणि माझा नेमही.

*

एका शाळेचा बास्केटबॉलचा हॉल भाड्यानं घेतला होता. गणपतीच्या बरोबर डोक्यावर जाळी आली होती. कुणी तिला झेंडूची माळ गुंडाळून छत्राचं रूप दिलं होतं, ते छान दिसत होतं. माणसं दीडशेच्या वर. टिपणिसांनी माझी ओळख करून दिली. "या ताईंनी उभ्या आयुष्यात कुणाला दुखावलेलं नाही." टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत मितूच्या मैत्रिणी बसल्या होत्या, पाचही जणी. त्यातली केटलिन ही सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, दातांना तारा, गालांवर वांग. शेजारी तिची आई. केटलिननं साडीची हौस म्हणून पडद्यासारखं काहीतरी गुंडाळलं होतं आणि अतिशय अदबीनं मोदक खात होती.

पहिली मितू. तिचं मराठी शेतातल्या वाटेसारखं, मधेच संपणारं, पण चालली ती नेटानं. "बाबा म्हणतो, भाषा कळत नाही म्हणून टिकणार नाही. मला मराठी पण अर्धीच कळते. तरी तुम्ही मला दर वर्षी इथे आणता." लोक हसले. "बाबा म्हणतो, अमेरिकन लोकांना लगेच बोअर होतं. केटलिन दोन वर्षं कोरियन शिकतेय. चर्चच्या तळघरात एक आजी शिकवते. केटलिनच्या गावात कोरियन कुणीच नाही. एशियन पण नाही. एक चायनीज रेस्टॉरंट आहे, ते पण तिच्या मामाचं." पुन्हा हशा. मग तिला पुढचं आठवेना. कागद शोधला, सापडला नाही. "मला माहीत नाही किती वर्षं. पण मी उद्या उठणार आहे, एवढं माहीत आहे," असं म्हणून ती बसली.

श्रीनिवासराव उठले. सतरा चित्रं. डोंगर, उतार, तुटक रेघ. गेल्या पन्नास वर्षांत कुठला नाच किती महिने चालला, कुठल्या देशाचं गाणं कधी आलं आणि कधी गेलं. हॉलमधले इंजिनिअर माना डोलवत होते. बोलतात खरंच छान. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला.

"मित्रहो, मग टिकतं काय? मी घरातलं उदाहरण देतो." त्यांनी बॅगेतून एक वही काढली आणि उंच धरली. "माझी हीच मुलगी. वर्षभर त्या कोरियन गाण्यांत बुडालेली. पण यंदा आजी आली आणि तीन महिन्यांत, कुणीही न सांगता, तिनं देवनागरी शिकून घेतली. ही ती वही! फॅशन येते आणि जाते. टिकतं ते आपलं. आपल्या मातीतलं. मी तिच्याच अक्षरात तुम्हाला वाचून दाखवतो."

मितू अर्धी उठली. "बाबा, नको."

"लाजतेय," श्रीनिवासराव कौतुकानं म्हणाले. त्यांनी मधलंच एक पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि भारदस्त आवाजात, अभंगाला लावावा तसा, वाचायला सुरुवात केली.

"नेइल्दो योगी इस्सुल्गे—"

"इस्सुल्गे!" मागच्या रांगेतून पाच पोरी एका सुरात ओरडल्या. त्यांचा काही इलाज नव्हता. त्या गाण्यात ती ओळ आली की ऐकणाऱ्यांनी तसं ओरडायचंच असतं, आपल्याकडे जयजयकाराला आपोआप तोंड उघडतं तसं. केटलिनचा मोदक हवेत होता. पाठोपाठ त्यांनी मूनगेटच्या पाचही पोरांची नावं, वयाच्या क्रमानं, टाळ्यांच्या ठेक्यावर घेतली आणि मग आपण कुठे आहोत हे ध्यानात येऊन तोंडावर हात ठेवले.

पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला विचारत होत्या, "पाली भाषा आहे का हो?"

श्रीनिवासरावांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग चार एकदम. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"हे काय आहे, मैत्रेयी?"

अर्धी उठलेली मितू परत खाली बसली.

"तीन महिने," ते म्हणाले. माईक तोंडासमोरच होता. "तीन महिने तू आजीला फसवलंस? पहाटे पाचला ती बिचारी तुझ्यासाठी बसत होती, आणि तू हे? आईला, मला, सगळ्यांना तू खोटं—"

दीडशे माणसं मितूकडे बघत होती. ही तीच माणसं, ज्यांनी तिच्या वहीच्या फोटोखाली नमस्काराचे हात टाकले होते. ती रडली नाही. खांदे आत ओढून बसली, अशी की जणू खुर्चीत तिला लागणारी जागाही जास्तच आहे. शाळेत डबा खाताना ती अशीच बसत असणार.

"मला कुणी फसवलेलं नाही," मी म्हणाले.

माझा आवाज लहान. कुणाला ऐकूच गेला नाही. टिपणिसांना वाटलं, निकाल आला. त्यांनी घाईनं माईक माझ्यापुढे धरला. "बोला, ताई, दोन्ही बाजू—"

"मला कुणी फसवलेलं नाही. वहीत काय आहे ते मला पहिल्यापासून माहीत आहे. तिच्या वेलांट्या मी दुरुस्त केल्यात. फसवलं असेल तर मी. तुम्ही सगळे इतके आनंदात होतात, मला सांगवेना."

श्रीनिवासराव माझ्याकडे बघत राहिले. "आई, तुम्ही? आपण नंतर बोलू. तुम्ही फक्त निकाल वाचा."

कागद पर्समध्ये होता. दोन्ही बाजूंचं कौतुक असलेला, मोठ्या अक्षरातला. मी पर्स उघडली नाही.

"श्रीनिवासराव, मला एक विचारायचंय. परीक्षक म्हणून. सोमवारी घरी गणपती बसला. आरती कुणी म्हटली?"

"आरती? म्हणजे, झाली की आरती."

"झाली. सीडीनं म्हटली. तुम्ही एका हातानं ताम्हन ओवाळत होतात आणि दुसऱ्या हातानं ऑफिसचं उत्तर लिहीत होतात. तिसरं कडवं चाललं असताना फोन आला, तर तुम्ही देवाचाच आवाज कमी केलात."

कुणीतरी खोकलं. मागे कुणीतरी हसलं आणि थांबलं, कारण शेजारी बायको होती.

एकतीस वर्षांचा नेम मोडताना माणसाला काहीतरी वाटायला हवं. मला वाटत होतं, पण थांबता येत नव्हतं. साठलेलं फार होतं.

"आणखी एक," मी म्हणाले. "तुम्ही म्हणता, आपलं टिकतं. या हॉलमध्ये आज आरती कोण म्हणणार आहे? तो स्पीकर. मी बघितलाय, माळ घालून तयार ठेवलाय. मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम झाला गेल्या महिन्यात. मी पुढे बसले होते. गाणारा पुण्याहून आणला होता आणि तुम्ही सगळे बाहेर समोशांच्या रांगेत होतात. टिपणीस डॉक्टर, तुम्ही तर आभार मानायलाच आत आलात."

टिपणिसांनी माईक किंचित मागे घेतला. मी तो धरला.

"ही पोरगी चौदा महिने पहाटे पाचला उठते. मधे उठत नाही, अर्धवट सोडत नाही. तापात पडून करते. ती मागे बसलेली शेतकऱ्याची मुलगी तिच्या घरी तेच करते, त्याच वेळेला. त्यांना निम्मा अर्थ कळत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. मी कुरुंदवाडची बाई आहे, मला पाश्चात्त्य जग ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की पहाटेची गोष्ट जाता जात नाही. मला टिकलेलं इथं दुसरं काही दिसलं नाही." मी श्वास घेतला. "टिकेल. हा निकाल."

टाळ्या नाहीत. कशा असतील? मितूचं डोकं खाली होतं. माधवी पदर तोंडाला लावून बसली होती. हसत होती की रडत, तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

परिसंवादानंतर आरती ठरलेली होती. टिपणीस स्पीकरजवळ गेले, बटणावर बोट ठेवलं, आणि दीडशे माणसांच्या देखत त्यांना ते दाबवेना. मग कुणीतरी तोंडानंच सुरू केली. पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसऱ्याला आवाज पातळ झाला. तिसऱ्याला इंजिनिअर मंडळी नुसतेच ओठ हलवत होती, आणि शेवटापर्यंत पोचलो ते मी, पाली ओळखणाऱ्या त्या आजी आणि टाळ्यांचा ठेका न चुकवणारी केटलिन.

*

पुढे काय झालं ते सांगून टाकते. एकोणिसाव्या महिन्यात मूनगेट फुटला. पाच पोरांची पाच दिशांना तोंडं झाली. जावयांचा आकडा चुकत नाही. मितू आणि केटलिन दोन दिवस फोनवर रडल्या, तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला नव्या कुठल्याशा सात जणांसाठी उठल्या. बारा वर्षं झाली, तिकडे अमेरिकेत पहाटे उठणाऱ्या पोरी कमी झाल्याचं माझ्या कानावर नाही. मंडळाच्या गणपतीत आता दर वर्षी कोरियन नाच असतो आणि टिपणीस त्याची 'आपल्या मंडळाची परंपरा' म्हणून ओळख करून देतात. श्रीनिवासरावांनी त्यानंतर कुठल्याही गाण्याचं आयुष्य काढलेलं नाही. माझंही पुन्हा काढलं नाही. तो निंदेचा नेम मी परत धरला नाही. ज्यांनी इथवर वाचलं, त्यांना ते वेगळं सांगायला नको.

पण त्या दिवशी हे काहीच ठाऊक नव्हतं. हॉलमधून निघताना मी मितूचा हात धरायला गेले, तर तिनं तो काढून घेतला.

"आजी, बाबाला सगळ्यांसमोर असं नको होतं म्हणायला."

"तुझा शनिवार राहिला ना?"

"हो. तरी पण." आणि ती पुढे जाऊन वडिलांच्या शेजारच्या सीटवर बसली. एरवी ती कधी पुढे बसत नसे.

मी आणि माधवी मागे. गाडी चालू झाली. उन्हं उतरत होती. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं.

"कुठे असते ती प्रॅक्टिस?" श्रीनिवासरावांनी रस्त्याकडे बघत विचारलं.

"कोरियन चर्चमध्ये. खाली, तळघरात."

"किती वाजता?"

"दहा."

"आम्ही शनिवारी बाजारात असतो तेव्हा." त्यांनी समोरचा आरसा सारखा केला. "आणि तुला नेतं कोण?"

"केटलिनची मॉम. घरून उचलते, मग सोडते."

"तिचं शेत कुठंय म्हणालीस?"

मितूनं गावाचं नाव सांगितलं. श्रीनिवासरावांचा पाय ब्रेकवर गेला असावा, कारण गाडी मंदावली.

"ते पन्नास मैलांवर आहे."

"हो."

"जायचे पन्नास, यायचे पन्नास. वर्षभर?"

"हो, बाबा."

मी त्यांच्या मानेकडे बघत होते. हिशेब करताना त्यांची मान एका बाजूला कलते, तशी ती कलली नव्हती.

"तिला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, पुढच्या शनिवारी त्यांनी यायचं नाही. तुला मी सोडतो. आणि केटलिनलाही मीच घेऊन येईन, सकाळी साडेसातला निघेन."

मितूनं लगेच फोन काढला नाही. तिनं त्यांच्याकडे वळून बघितलं, तपासून घेतल्यासारखं.

"चालेल," ती म्हणाली. "पण बाबा, तू तळघरात यायचं नाहीस."

"नाही येणार."

"गाडीत बसायचं."

"बसेन."

"दोन तास असतं."

"बसेन म्हटलं ना," श्रीनिवासराव म्हणाले, आणि मग अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "त्या ओळीचा अर्थ काय गं होता? मी वाचली ती."

"उद्याही मी इथेच असेन," मितू म्हणाली, आणि केटलिनच्या आईचा नंबर लावला.